हातपाय मोडले तर भाकरी कोण थापणार?

आमच्या बचत गटाच्या बैठकीत गेल्या पावसाळ्यात एक अर्ज आला. अर्ज करणारी गटातली सर्वांत धाकटी. कारखान्यात सुटे भाग तपासण्याच्या कामाला जाते. लग्नाला चार वर्षे झाली, एक मुलगी आहे. तिला कामशेतला जाऊन पॅराग्लायडिंगचा प्राथमिक अभ्यासक्रम करायचा होता. फी, राहणे, खाणे मिळून २२,००० रुपये. त्यातले १०,००० तिने ओव्हरटाइम करून साठवले होते. बाकीचे १२,००० गटाने कर्जाऊ द्यावेत, दहा हप्त्यांत फेडीन, असे तिने लिहिले होते. नाव देत नाही, कारण तिला त्याच घरात आणि त्याच कारखान्यात राहायचे आहे.

अर्ज पाच मिनिटांत नामंजूर झाला. त्याच बैठकीत आणखी दोन अर्ज होते. एकीला मुलाच्या मोटरसायकलचा पहिला हप्ता भरायचा होता, दुसरीला दिराच्या दुकानाला शटर बसवायचे होते. दोन्ही मंजूर झाले. मोटरसायकलवरून मुलगा पडला तर काय, असे कुणी विचारले नाही. या धाकटीला मात्र सगळ्यांनी विचारले. तिच्या सासूबाई आमच्याच गटात आहेत. त्यांनी सगळ्यांच्या मनातले एका वाक्यात बोलून दाखवले, ‘हातपाय मोडले तर भाकरी कोण थापणार?’

आम्ही हसलो. ‘अर्ज नामंजूर करावा’ या बाजूने हात वर झाले, त्यात माझाही हात होता. पंचवीस वर्षे चळवळीत काढलेल्या बाईचा हात. म्हणून हा लेख लिहायला बसले आहे.

त्या दिवशी जे आक्षेप घेतले गेले ते तीन होते. एक, हे श्रीमंतांचे चोचले आहेत. दोन, बाईच्या शरीराला हे झेपायचे नाही, आणि पदरात लेकरू आहे. तीन, उडण्याचा आणि स्त्रीमुक्तीचा संबंध काय? तिन्ही आक्षेप आपल्याच मैत्रिणींचे आहेत, म्हणून त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

चोचले कुणाचे?

पहिला आक्षेप मलाही त्या दिवशी पटला होता. नंतर मी वाचायला लागले आणि एका बाईची गोष्ट सापडली. तिचे नाव जॉर्जिया अॅन थॉम्पसन. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यात १८९३ मध्ये जन्मली. सात भावंडांतली धाकटी, जन्मतःच इतकी लहान की सगळे तिला ‘टायनी’ म्हणू लागले. बाराव्या वर्षी लग्न झाले, तेराव्या वर्षी मुलगी झाली. पंधरा वर्षांची होईपर्यंत ती नवऱ्यावाचून, पदरात लेकरू घेऊन सूतगिरणीत राबत होती. दिवसाला चौदा तास. मैत्रिणींनो, हे वाचताना तुम्हाला अमेरिका आठवली की आपली एखादी एकटी बाई? मला तर आमच्या परित्यक्तांच्या मेळाव्यातल्या ओळी आठवल्या. नाव, गाव, लग्नाच्या वेळचे वय, मुले किती, काम काय.

१९०७ मध्ये तिने जत्रेत एक खेळ पाहिला. गरम हवेच्या बलूनला लोंबकळून माणसे वर जात आणि पॅराशूट घेऊन खाली उडी मारत. खेळ चार्ल्स ब्रॉडविक नावाच्या माणसाच्या मंडळीचा. टायनी त्याच्याकडे गेली आणि मला घ्या म्हणाली. मुलीला आपल्या आईजवळ ठेवले आणि १९०८ मध्ये ती या फिरत्या खेळात सामील झाली. बाई परक्या पुरुषाबरोबर गावोगाव फिरते म्हटल्यावर लोक बोलणार, म्हणून ती त्याची मुलगी म्हणून वावरली आणि त्याचेच आडनाव लावू लागली. टायनी ब्रॉडविक.

तिची हाडे मोडली, खांदा निखळला. एकदा ती आगगाडीच्या डब्याच्या टपावर उतरली, एकदा पवनचक्कीत अडकली, एकदा विजेच्या तारांत. २१ जून १९१३ रोजी लॉस एंजेलिसला तिने विमानातून उडी मारली. विमानातून पॅराशूटने उतरलेली ती पहिली स्त्री. १९१४ मध्ये सॅन दिएगोला अमेरिकन सैन्याच्या अधिकाऱ्यांना पॅराशूटचे प्रात्यक्षिक दाखवायचे होते. उडी मारली की विमानाला बांधलेली दोरी पॅराशूटचे आवरण ओढून काढत असे आणि पॅराशूट उघडत असे. एका उडीत ती दोरी विमानाच्या शेपटीत गुंतली. जीव जायचीच वेळ होती. पुढच्या उडीला तिने काय केले? दोरी तोडून आखूड केली, मोकळ्या हवेत पडली आणि हाताने ओढून पॅराशूट उघडले. ठरवून मारलेली ही पहिली मुक्त उडी मानली जाते. आज जगभर जे स्कायडायव्हिंग चालते, त्याच्या मुळाशी सूतगिरणीतल्या एका एकट्या आईचे हे धाडस आणि ही अक्कल आहे. आणि एवढे दाखवूनही पहिल्या महायुद्धात अमेरिकन वैमानिक विमानात पॅराशूटशिवायच लढले!

दुसरी बाई जर्मनीतली, केटे पाउलुस. जन्म १८६८. धंदा शिवणकाम. तिचा जोडीदार हेरमान लाटेमान बलूनमधून उड्या मारण्याचे खेळ करी. त्याच्या पॅराशूटचे कापड शिवता शिवता तीही उड्या मारू लागली. १८९४ मध्ये एका खेळात आधी तिने उडी मारली, मग त्याने. त्याचे पॅराशूट उघडलेच नाही. ती हवेत असताना तिच्या डोळ्यांदेखत तो गेला. दुसऱ्या वर्षी लहानगा मुलगाही गेला. या बाईने पुढे उड्या तर चालू ठेवल्याच, शिवाय घडी घालून पिशवीत बसेल असे पॅराशूट तयार केले. पहिल्या महायुद्धात तिने जर्मन सैन्याला सुमारे ७,००० पॅराशूटे पुरवली. बलूनमधून टेहळणी करणाऱ्या सैनिकांचे जीव या शिवणकाम करणाऱ्या बाईच्या टाक्यांवर तगले.

तेव्हा ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणताना थोडे थांबूया. आज हा खेळ महाग आहे, हे खरे आहे. पण जे महाग आहे ते आपल्या बायांनी मागूच नये, असे आपण कधीपासून म्हणायला लागलो? उच्च शिक्षण महाग आहे, म्हणून आपण मुलींना शिकू नका म्हणतो का? आणि आमच्या धाकटीने कुणाकडे दान मागितले नव्हते. तिने कर्ज मागितले होते, तेही स्वतःच्या बचतीच्या गटातून.

गर्भाशयाची काळजी

दुसरा आक्षेप शरीराचा. हा फार जुना आहे. १७९८ मध्ये पॅरिसला आंद्रे-जाक गार्नरँ नावाच्या बलूनवाल्याने एका बाईला बरोबर नेण्याचे जाहीर केले. पोलिसांनी बंदी घातली. कारणे दोन दिली. उंचावर हवा विरळ असते, तिचा बाईच्या नाजूक अवयवांवर काय परिणाम होईल सांगता येत नाही. आणि परपुरुषाबरोबर इतक्या जवळ, इतक्या वर, हे नीतीला धरून नाही. फ्रान्समध्ये राज्यक्रांती होऊन नऊ वर्षे झाली होती, समतेच्या घोषणा चौकाचौकांत झाल्या होत्या, आणि पोलीस बाईच्या गर्भाशयाच्या काळजीत होते. शेवटी वरच्या मंत्र्यांनी बंदी उठवली. त्यांचे म्हणणे असे की बाई-पुरुष एका घोडागाडीत बसलेले चालतात, तर बलूनमध्ये का चालू नयेत? ८ जुलै १७९८ रोजी सितोयेन आंरी नावाने ओळखली जाणारी ती बाई वर गेली आणि सुखरूप खाली आली. पुढच्याच वर्षी, १२ ऑक्टोबर १७९९ रोजी, जान जनेव्हिएव्ह लाब्रॉस हिने सुमारे ९०० मीटरवरून पॅराशूटने उडी मारली. असे करणारी ती पहिली स्त्री.

दोनशे वर्षांपूर्वीचे सोडून द्या, असे कुणी म्हणेल. मग २००५ चे घ्या. बर्फाच्या उतारावरून घसरत येऊन हवेत लांब झेप घ्यायची, असा स्की जंपिंग नावाचा खेळ आहे. पुरुषांसाठी तो हिवाळी ऑलिंपिकमध्ये १९२४ पासून आहे. स्त्रियांना का नाही, असे विचारल्यावर आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष म्हणाले की वैद्यकीय दृष्टीने हा खेळ स्त्रियांना योग्य दिसत नाही. स्त्री खेळाडूंनी कॅनडात न्यायालयाचे दार ठोठावले. २००९ मध्ये न्यायालयाने हा भेदभाव आहे असे मान्य केले, पण ऑलिंपिक समितीला आपण आदेश देऊ शकत नाही असेही सांगितले. स्त्रियांना ती झेप घ्यायला २०१४ उजाडावे लागले. पुरुषांच्या मागून नव्वद वर्षांनी!

आता ही काळजी आपण दुसऱ्या बाजूने तपासून पाहू. टायनी चौदा तास गिरणीत उभी होती, तेव्हा तिच्या नाजूक अवयवांची काळजी कुणी केली? बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बाया डोक्यावर उसाच्या मोळ्या वाहतात, बाळंतपणानंतर लगेच कोयता हातात घेतात. पाळीमुळे खाडा पडतो, खाडा पडला की दंड होतो, म्हणून त्यांच्यातल्या हजारो जणींची गर्भाशये काढली गेली. २०१९ मध्ये हा प्रश्न विधिमंडळात गाजला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. त्याआधी कित्येक वर्षे त्या गर्भाशयांची आठवण कुणालाच नव्हती.

बाईचे शरीर दुसऱ्यासाठी झिजत असेल तर ते कणखर असते. तेच शरीर तिने स्वतःच्या आनंदासाठी पणाला लावायचे म्हटले की ते एकदम नाजूक होते. सासूबाईंचा प्रश्न म्हणूनच फार प्रामाणिक होता. ‘तुला लागेल’ असे त्या म्हणाल्याच नाहीत. त्या म्हणाल्या, भाकरी कोण थापणार? त्यांना दोष देत नाही. त्या स्वतः चाळीस वर्षे भाकरी थापत आल्या आहेत, सून अंथरुणाला खिळली तर परातीपुढे पुन्हा त्यांनाच बसावे लागणार आहे. त्या प्रश्नाला ‘तुमचा मुलगा थापेल’ असे उत्तर द्यायचे धैर्य आमच्यातल्या एकीलाही झाले नाही. खरी चूक तिथे झाली.

लेकराचे काय?

आई असलेल्या बाईने जीव धोक्यात घालावा का? हा प्रश्न मी झटकून टाकणार नाही. पण तो वडिलांनाही विचारा. आमच्या धाकटीबरोबर काम करणारा एक मुलगा आधीच हा अभ्यासक्रम करून आला आहे. त्यालाही एक मूल आहे. अर्ज भरताना त्याने सही केली आणि संपले. हिने फोन केला तेव्हा पलीकडून पहिला प्रश्न आला, ‘मिस्टरांची परवानगी आहे ना? त्यांची सही लागेल.’ सव्वीस वर्षांची बाई, मतदान करते, पगार मिळवते, आयुर्विम्याचा हप्ता भरते, आणि स्वतःच्या हातापायांची जबाबदारी घ्यायला तिची सही पुरत नाही!

आपल्या देशातली उदाहरणे पाहा. रेचल थॉमस यांनी १९७९ मध्ये आग्र्याला पहिली उडी मारली. भारतात स्कायडायव्हिंग करणारी पहिली स्त्री म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. नोकरी रेल्वेत, आणि उडी मारली तेव्हा दोन मुलांची आई. २००२ मध्ये त्यांनी उत्तर ध्रुवावर ७,००० फुटांवरून उडी घेतली. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पुण्याच्या शीतल महाजन यांनी एप्रिल २००४ मध्ये उत्तर ध्रुवावर उडी मारली, आणि ती त्यांची आयुष्यातली पहिलीच उडी होती. २००६ मध्ये अंटार्क्टिकावर. २०११ मध्ये त्यांनाही पद्मश्री मिळाली. त्या जुळ्या मुलांच्या आई आहेत आणि आई झाल्यानंतरही उड्या मारत राहिल्या.

या बायांच्या मुलांना नेमके काय कमी पडले? उलट, आई म्हणजे कायम स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली, सगळ्यांची वाट पाहणारी बाई, एवढेच चित्र ज्या मुलांसमोर राहते, त्यांना काहीतरी कमी पडते असे मला वाटते. त्या चित्रातली मुलगी पुढे स्वतः वाट पाहायला शिकते, आणि मुलगा कुणीतरी आपली वाट पाहावी अशी अपेक्षा करायला.

कौतुकातला सापळा

तिसऱ्या आक्षेपाकडे वळण्याआधी एक कबुली दिली पाहिजे. बाई उडाली म्हणजे मुक्त झाली, असे मी म्हणत नाही. जगाला उडणाऱ्या बाईचे कौतुक करण्याची विशिष्ट रीत आहे, आणि त्या रीतीत तिला पुन्हा खाली ओढायची सोय आहे.

टायनीला खेळात झालरींचे कपडे घालून, केसांना रिबिनी बांधून ‘बाहुली’ म्हणून उभे करत. तिची जाहिरातच तशी होती. जी बाई तुटक्या हाडांनिशी तारांतून सुटून येत होती, तिला लोकांनी बाहुली म्हणून पाहिले. तिकिटे त्यावर खपत.

फेब्रुवारी २०१८ मध्ये शीतल महाजन यांनी थायलंडमध्ये नऊवारी नेसून १३,००० फुटांवरून उडी मारली. ही त्यांची निवड होती, आणि नऊवारी नेसून तोल सांभाळणे हे कौशल्यच आहे. माझा आक्षेप त्यांच्यावर नाही, आपल्यावर आहे. दोन्ही ध्रुवांवर उड्या मारलेल्या बाईची आठवण आपल्या घराघरांत ‘नऊवारीत उडी मारणारी’ म्हणून का राहावी? कारण नऊवारी पाहिली की आपल्याला धीर येतो. एवढ्या उंच गेली तरी बाई आपलीच आहे, संस्कार सुटलेले नाहीत! पुरुषाने धोतर नेसून उडी मारल्याशिवाय तो आपला वाटत नाही, असे कधी झाले आहे का?

अमेरिकेतल्या स्टेफ डेव्हिसची गोष्ट आणखी बोचरी आहे. ती मुळात गिर्यारोहक. तिचा तेव्हाचा नवरा डीन पॉटर हाही नामांकित गिर्यारोहक. २००६ मध्ये तो युटा राज्यातल्या प्रसिद्ध नैसर्गिक कमानीवर, डेलिकेट आर्चवर, चढला. त्यावरून मोठा गदारोळ झाला. दोघांनाही पैसे पुरवणाऱ्या कंपनीने करार संपवला, त्याचा आणि तिचाही. कमानीवर तो चढला होता, ती नाही. नवऱ्याच्या चुकीची किंमत बायकोने भरायची, ही रीत फक्त आपल्याच वाड्यावस्त्यांवर आहे असे समजू नका. पुढे लग्नही मोडले. त्या पडझडीच्या काळात ती स्कायडायव्हिंग शिकली, मग कड्यांवरून उड्या मारू लागली, मग पंखांसारखा पोशाख घालून कड्यांलगत तरंगत जाऊ लागली. २०१३ मध्ये तिचा दुसरा जोडीदार मारियो रिशार इटलीच्या डोलोमाइट पर्वतात अशाच उड्डाणात गेला. त्याच वेळी तिनेही उडी मारली होती. त्यानंतरही ती उडत राहिली.

हे वाचून माझ्या पोटात खड्डा पडला, हे लपवत नाही. कड्यावरून उडी मारण्याच्या या खेळात माणसे मरतात, आणि अनुभवी माणसे मरतात. हा मार्ग सगळ्यांनी धरावा असे मी कुणालाही सांगणार नाही. पण केटे पाउलुस आणि स्टेफ डेव्हिस या दोघींना, सुमारे एकशेवीस वर्षांच्या अंतराने, जोडीदाराच्या मृत्यूनंतर आयुष्य कसे जगायचे ते स्वतः ठरवता आले. आपल्याकडे जोडीदार गेल्यावर बाईने काय खावे, काय नेसावे, कपाळाला काय लावावे, हे अजूनही भावकी ठरवते. तो हक्क उंचीवरचा असो की जमिनीवरचा, एकच आहे.

संबंध काय?

आता तिसरा आक्षेप. स्त्रीमुक्तीशी याचा संबंध काय? माझे उत्तर असे आहे. आपण चळवळीत बाईचे दुःख मांडायला शिकलो. मारहाण, हुंडा, पाणी, रेशन, मजुरी. ते मांडलेच पाहिजे, अजून संपलेले नाही. पण दुःख मांडता मांडता, बाईला काही हवे असू शकते, निव्वळ हवे म्हणून हवे, हे ऐकायची आपली सवय मोडली. आपल्या गटात कर्जाची कारणे कोणती चालतात ते आठवा. आजारपण, मुलांची फी, घराचे छप्पर, नवऱ्याचा धंदा. सगळी कारणे दुसऱ्यासाठी. ‘मला उडायचे आहे’ हे कारण आल्याबरोबर आपण घाबरलो. हे कारण तिच्यापाशी सुरू होत होते आणि तिच्यापाशीच संपत होते.

शिवाय तिच्या मागणीत निव्वळ हौस नव्हती. तिने शिक्षण मागितले होते. वारा कसा वाचायचा, पंख कसा तपासायचा, कधी उडायचे नाही हे कसे ठरवायचे, हे त्या अभ्यासक्रमात शिकवतात. धोका कसा मोजायचा हे बाईने शिकणे यापरते सुरक्षित काय आहे? आपण मुलींना धोक्यापासून लांब ठेवतो आणि त्याला सुरक्षा म्हणतो. मग पहिला धोका समोर आला की ती गोठते.

म्हणून माझ्या मागण्या साध्या आहेत. सज्ञान बाईच्या अर्जावर नवऱ्याची किंवा वडिलांची सही मागणाऱ्या कुठल्याही प्रशिक्षण केंद्राला आपल्या गटांनी लेखी जाब विचारावा. सही हवीच असेल तर पुरुषांकडूनही बायकोची सही मागा. प्रशिक्षक प्रशिक्षित आहे का, साहित्य तपासलेले आहे का, विमा आहे का, हे प्रश्न आपण जरूर विचारावेत, आणि ते मुलाच्या मोटरसायकलच्या वेळीही विचारावेत. बचत गटाच्या नियमावलीत ‘स्वतःचे शिक्षण व आवड’ हे कर्जाचे कारण म्हणून लिहून घ्यावे. लिहिलेले असले की भांडायला आधार मिळतो.

टायनीने शेवटची उडी १९२२ मध्ये मारली. तोवर तिच्या नावावर हजारावर उड्या होत्या, असे सांगतात. १९६४ मध्ये तिने आपले एक रेशमी पॅराशूट अमेरिकेच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिले. १९७८ मध्ये ती गेली.

आमच्या धाकटीने तो अर्ज घडी घालून पर्समध्ये ठेवला आहे. ‘ताई, राहू द्या, आता पावसाळा गेला की बघू,’ असे मला म्हणाली. मी राहू देणार नाही. पुढच्या बैठकीत तो अर्ज मी स्वतः मांडणार आहे आणि जामीन म्हणून माझी सही करणार आहे. सासूबाईंच्या प्रश्नाचे उत्तरही तयार आहे. ती शिकायला जाईल त्या दिवसांत तिच्या नवऱ्याने भाकरी थापायची. येत नसतील तर शिकवायला मी जाईन. ज्यांचा याला विरोध असेल त्यांनी पुढच्या अंकासाठी जरूर लिहावे. फक्त लिहिण्याआधी आपल्या गटाची कर्जाची वही काढावी आणि गेल्या पाच वर्षांत बायांनी स्वतःसाठी किती रुपये घेतले, याची बेरीज करून पाहावी. मी केली. आमच्या वहीत ती बेरीज शून्य आली.